लाकडी ठाणवई : घरच्या घरी

वंदनेच्या वेळी बुद्धप्रतिमेपुढे पुष्प व धूप यांसह दीपही अर्पण केला जातो. त्यामागे वरप्राप्तीचा हेतू नाही. अंधार दूर करणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने तथागतांच्या ज्ञानाचे ते स्मरण होय. परंतु रायगडच्या किनाऱ्यावरील अनेक घरांत ही मेणबत्ती फळीवरच मेणाचे चार थेंब पाडून चिकटविली जाते. वर प्रतिमेचा हार, मागे पडदा आणि खिडकीतून समुद्राचा वारा. सोय म्हणून ही रीत पडली असली, तरी ती धोक्याची आहे.

दिव्याच्या उभ्या आधारास मराठीत ठाणवई हा जुना शब्द आहे. तेलाच्या दिव्याची ही वस्तू मेणबत्तीसाठीही करता येते. मात्र ज्योत आणि लाकूड यांचा प्रत्यक्ष संबंध येता कामा नये.

हे सुताराचे काम, असे काही वाचक म्हणतील. राजपुरी खाडीकाठच्या कुडे लेण्यांतील शिलालेख या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. तेथे दान देणाऱ्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, लेखक आहे. घाटावर कार्ले येथील लेखात धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याची नोंद आहे. या लोकांनी आपला व्यवसाय नावासोबत कोरविला. पुढे जन्मावरून धंदा ठरविणारी व्यवस्था घट्ट झाली. जात ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि १९३६ साली स्वतःच प्रसिद्ध केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले. म्हणून आमच्या उपासकांनी रंधा व पटाशी हाती घ्यावयास संकोच करण्याचे कारण नाही.

लाकडाची निवड महत्त्वाची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागांत आंबा, फणस, नारळ व सुपारीची असंख्य झाडे उन्मळून पडली. अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली आणि मेणबत्ती ही केवळ पूजेची वस्तू उरली नाही. पडलेल्या झाडांपैकी आंब्याला कीड लवकर लागते. फणसाचा गाभा आम्हांस अधिक पसंत आहे; तो टिकाऊ असतो आणि त्याचा पिवळा रंग काळाने तांबूस होतो. (याच गाभ्याच्या रंगाने थायलंडमधील अरण्यवासी भिक्षू आपली चीवरे रंगवितात.) सागाचा किंवा शिवणीचा उरलेला तुकडाही चालेल. ओले लाकूड मात्र वापरू नये. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात. एक इंच जाडीस साधारण एक वर्ष लागते.

तळासाठी १५ सें.मी. लांबी-रुंदीची, ३ सें.मी. जाडीची फळी घ्यावी. खांब ४ सें.मी. चौरस व २० सें.मी. उंच असावा, याहून उंच केल्यास तळही रुंद करावा. खांबाच्या खालच्या टोकास २ सें.मी. चौरस कुसू काढून तळफळीत त्याच मापाचे आरपार भोक पाडावे. कुसवाला चीर देऊन ते भोकात बसवावे व खालून लाकडी पाचर ठोकावी. पाचरीचा दाब तळफळीच्या रेषांच्या दिशेने पडला पाहिजे. आडवा पडल्यास फळी उकलते. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजून लाकूड खातो, म्हणून तो टाळावा. खांबाच्या माथ्यावर १० सें.मी.ची चकती पितळी स्क्रूने बसवावी आणि त्यावर तिच्याएवढीच रुंद, उभ्या काठाची पितळी वाटी ठेवावी. वाटीत कोरडी वाळू भरून तीत मेणबत्ती रोवावी. वाळू किनाऱ्यावरची असेल तर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन वाळवावी. मीठ हवेतील ओल ओढते व पितळ खराब करते.

शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. येथे एका गोष्टीकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर ती वाळताना आतल्या आत तापते आणि ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकते. ती पाण्यात बुडवावी किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवावी. तेल पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे काही दिवस, ठाणवईवर मेणबत्ती लावू नये.

ठाणवई खिडकीच्या वाऱ्यापासून दूर ठेवावी. ज्योतीच्या वर हातभर जागा मोकळी असावी. प्रतिमेवरचा हार किंवा वरची फळी त्या जागेत येऊ देऊ नये. मेणबत्ती दोन बोटे उरली की विझवावी, आणि वंदना आटोपल्यावर घरात कोणी जागे नसताना ती तेवत ठेवू नये. दर पावसाळ्यानंतर पाचर सैल झाली आहे का, ते पाहावे. झाली असल्यास नवी ठोकावी.