चकमकीची रायफल आणि तिचे सुटे भाग

श्रोतेहो, आगपेटी नव्हती तेव्हा आपल्याकडे चकमक झाडून विस्तव पाडीत. दोनशे वर्षांपूर्वीची अमेरिकन लष्करी रायफल याच युक्तीने उडे. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गार पोलादावर घासे, ठिणगी रंजकेवर, म्हणजे बाहेरच्या वाटीतल्या बारीक दारूवर पडे आणि छिद्रातून आग नळीत पोचे. नळीला आतून मळसूत्री आटे पाडलेले. त्यामुळे गोळी गरगर फिरत नेमकी जाई.

पण कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून त्या एकाच बंदुकीला बसवी. एकीचा घोडा दुसरीला बसेल याचा भरवसा नाही. तो रणात मोडला, तर शिपायाने करावे काय?

जॉन हॉल याने यावर तोड काढली. १८१९ साली त्याने सरकारशी १००० रायफलींचा करार केला. हार्पर्स फेरी येथे त्याने पाण्यावर चालणारी यंत्रे उभारली आणि प्रत्येक भाग ठरलेल्या मापाला लावून पारखला. १८२७ च्या सुमारास सरकारी समितीने वेगवेगळ्या रायफलींचे भाग आपसात बदलून पाहिले. ते चपखल बसले! ही रायफल मागून भरीत. तिथल्या सांध्यातून आग निसटे, हा दोष मात्र राहिला.

मग कारागिरी संपली का? छे! ती यंत्रे आणि मापे घडवायला कसबी हातच लागले. गुरुजी, सायकलीचा नट बदलताना मुलांना हे जरूर सांगा.