कराराची माणसे – १४ : वाळक्या भाकरीवरची शपथ

लो-दबारच्या पांगळ्या मफीबोशेथाला दावीदाच्या पंक्तीस आणून बसवण्याचे मी गेल्या आठवड्यात कबूल केले होते. परंतु मध्यंतरी नगर जिल्ह्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे पत्र हाती आले, आणि त्यातील प्रश्न इतका जिव्हाळ्याचा निघाला की वाचकांची क्षमा मागून त्या राजपुत्राला मी आठवडाभर वाटेतच थांबवीत आहे.

पत्रलेखकांच्या चुलतभावाने चार वर्षांपूर्वी, डोके टेकायला जागा नाही असे सांगून, त्यांच्या वडिलोपार्जित घराच्या मागील दोन खोल्या मागितल्या. घरची सायंप्रार्थना आटोपल्यावर पवित्र शास्त्रावर हात ठेवून, तू हयात असेपर्यंत या खोल्या तुझ्या, असा शब्द यांनी दिला. ना कागद, ना मुद्रांक. साक्षीला दोघांच्या बायका आणि मध्ये जळणारा कंदील. आता उघडकीस आले आहे की त्याच वेळी चुलतभावाचे तालुक्याच्या गावी स्वतःचे घर होते आणि त्याचे भाडे तो दरमहा घेत होता. तेव्हा फसवून घेतलेले वचन देणाऱ्यास बांधते काय, असे ते विचारतात.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. १८७२ सालच्या करार कायद्याच्या १९ व्या कलमान्वये, कपटाने संमती मिळवली असेल तर फसवल्या गेलेल्या पक्षाला तो करार रद्द ठरवण्याची मुभा आहे. आणि कायदा असाच असावा, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. पण हे गृहस्थ वकिलाकडे न जाता या लेखमालेकडे आले, यावरूनच ते उत्तर त्यांना ठाऊक आहे आणि त्याने त्यांची झोप परत आलेली नाही, हे उघड होते.

यहोशवाच्या पुस्तकाचा नववा अध्याय हा नेमका याच दाव्याचा निवाडा आहे. यहोशवाच्या नेतृत्वाखालील इस्राएलापुढे यरीहो आणि आय ही नगरे पडल्याचे वर्तमान ऐकून गिबोन नगराचे रहिवासी, म्हणजे गिबोनकर, घाबरले आणि त्यांनी एक सोंग रचले : गाढवांवर जीर्ण गोणपाट, फाटून सांधलेल्या द्राक्षारसाच्या पखाली, पायांत ठिगळांची पायताणे, आणि शिदोरीला वाळून बुरसटलेली, हातात घेताच चुरा होणारी भाकर. आम्ही फार दूर देशचे, निघालो तेव्हा ही भाकर ऊन होती, असे त्यांनी गिलगालच्या छावणीत येऊन सांगितले. इस्राएलाच्या सरदारांनी ती भाकर चाचपून पाहिली, परमेश्वराला मात्र विचारले नाही. यहोशवाने सलोखा केला आणि सरदारांनी शपथ वाहिली. तिसऱ्या दिवशी कळले की हे दूरदेशीचे लोक हाकेच्या अंतरावरचे शेजारी आहेत.

लोक सरदारांवर कुरकुरले, आणि त्यांचा संताप अकारण नव्हता. तरीही सरदार ढळले नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच की आम्ही परमेश्वराच्या नावाने बोललो आहोत. गिबोनकर खोटे बोलले हे खरे, पण शपथेत ज्याचे नाव घेतले तो खोटा नव्हता. मग गिबोनकरांच्या लबाडीने त्याचे नाव हलके कसे व्हावे?

मराठी पवित्र शास्त्राने इब्री 'बरीथ' या शब्दासाठी 'करार' हा दप्तरातला शब्द उचलला, याचे काही भाविकांना वैषम्य वाटते. त्यांना त्यात कचेरीचा वास येतो. मला तो शब्द फार प्रिय आहे. मूळ अरबीत 'करार' म्हणजे स्थैर्य, ठाव, आणि म्हणूनच शब्दाला न ढळणाऱ्या माणसाला आपण 'करारी' म्हणतो. तीच गोष्ट 'इमान' शब्दाची : प्रार्थनेच्या शेवटी आपण 'आमेन' म्हणतो आणि चाकरीत, व्यवहारात 'इमान' राखतो, हे दोन्ही शब्द एकाच सेमिटिक धातूची लेकरे आहेत. इब्रीतील 'हेसेद' या शब्दाचे भाषांतर आपल्याकडे बहुधा 'दया' असे होते. ते चुकीचे नाही, पण दया वरून खाली उतरते, आणि हेसेद मात्र दिलेल्या शब्दाच्या खुंट्याला बांधलेली माया असते.

म्हणून यहोशवाने पुढे जे केले ते बारकाईने पाहावे. त्याने गिबोनकरांना बोलावून, आम्हांस का फसवले, असे स्पष्ट विचारले. फसवणूक पोटात घातली नाही. प्राण मात्र राखले, आणि वेदीसाठी व मंडळीसाठी लाकडे फोडण्याचे व पाणी भरण्याचे काम त्यांच्या माथी लावले. पुढे पाच राजे गिबोनावर चालून आले, तेव्हा स्वस्थ बसून फसवणाऱ्यांचा परस्पर काटा निघू देणे किती सोपे होते! परंतु त्यांचा सांगावा येताच यहोशवा यार्देनच्या खोऱ्यातून रातोरात डोंगर चढून गेला. आणि सूर्य थांबल्याची जी कथा आपण रविवारच्या शाळेत इतक्या कौतुकाने सांगतो, ती याच स्वारीतली, म्हणजे फसवून घेतलेल्या वचनाच्या पालनातली आहे, हे सांगायचे आपण बहुधा विसरतो.

यरुशलेमच्या वायव्येस अल-जीब नावाचे खेडे आहे. १९५६ पासून तेथे जेम्स प्रिचर्ड यांनी उत्खनन केले, तेव्हा प्राचीन इब्री अक्षरांत 'गिबोन' असे नाव कोरलेल्या घागरींचे कान सापडले, आणि सापडला खडकात खोदलेला वर्तुळाकार हौद : रुंदी सुमारे ३७ फूट, खोली ८२ फूट, आणि कडेकडेने तळाशी उतरणाऱ्या ७९ पायऱ्या. पाणी भरणाऱ्यांचे म्हणून शास्त्रात नमूद झालेले हे गाव. त्या पायऱ्यांचा वृत्तांत वाचताना भरल्या घागरीचे ओझे मला माझ्या खांद्यावर जाणवले.

प्रत्येक शपथ अशी पाळावी असे मात्र मी म्हणणार नाही. हेरोद राजानेही शब्द पाळलाच, पण त्याची किंमत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या मानेने चुकती केली. पंधराव्या स्तोत्रात ज्या माणसाची थोरवी गायिली आहे तो स्वतःचे नुकसान सोसून शपथ राखतो; नुकसान कोणाच्या पदरी पडते, हे आधी पाहावे. गुरुजी, तुमच्या दोन खोल्या तुमच्याच आहेत. चुलतभावाला समोर बसवून सारे उघड बोला, घरखर्चाचा व डागडुजीचा वाटा त्याच्यावर बसवा, खोल्या मात्र काढून घेऊ नका, असे मला वाटते.

पुढे इस्राएलाचा राजा शौल याने गिबोनकरांना दिलेली हीच शपथ मोडली आणि गिबोनकरांची कत्तल आरंभली. तिचे माप दावीदाच्या कारकीर्दीत तीन वर्षांच्या दुष्काळाने पदरात पडले, आणि शौलाच्या कुळातील सात पुरुष गिबोनकरांच्या स्वाधीन झाले. त्यांतल्या दोघांची आई रिस्पा जवाच्या हंगामापासून पाऊस पडेपर्यंत खडकावर गोणपाट अंथरून बसली, दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना प्रेतांपासून हाकलीत. या प्रसंगावर लिहिताना माझा हात आजही अडखळतो, आणि तो निवाडा मला सुखाने वाचता येत नाही.

त्या सातांत आणखी एकाची गणना सहज झाली असती. योनाथानाचा मुलगा व शौलाचा हा नातू दोन्ही पायांनी अधू होता. दावीद आणि योनाथान यांनी एकमेकांना वाहिलेल्या शपथेस्तव तेवढा तो वाचला. लो-दबारहून निघालेला आपला पाहुणा तोच. पुढील आठवड्यात त्याला दावीदाच्या पंक्तीस आणू.