पाच वर्षांनंतर मूल बापाचं?

‘पाच वर्षांपर्यंत मूल आईचं, मग बापाचं.’ वऱ्हाडात सोयऱ्याधायऱ्यांच्या बैठकीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याला भिऊन एखादी आई पोटगीवर पाणी सोडते, तर एखादा बाप पाचवं वर्ष सरण्याची वाट पाहत बसतो. कायद्यात मात्र असं कुठेही लिहिलेलं नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ सालचा. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शीख यांनाही तो लागू आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असं त्याचं सहावं कलम म्हणतं. पण पाच वर्षं होताच मूल आपोआप वडिलांकडे जाईल, असं ते म्हणत नाही. तेराव्या कलमानं सर्वांत वरची कसोटी ठेवली आहे ती मुलाच्या हिताची. मुस्लिम कुटुंबांत व्यक्तिगत कायदा व १८९० चा पालक व पाल्य अधिनियम पाहिला जातो. तिथेही न्यायालय मुलाचं हित पाहतं.

याच सहाव्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून ‘वडील व त्यांच्यानंतर आई’ असे शब्द आहेत. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं, तेव्हा पालक म्हणून आईची सही चालेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ साली न्यायालयानं सांगितलं, ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे. वडील मुलाकडे लक्षच देत नसतील किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तरी आई नैसर्गिक पालक ठरते.

आता अर्ज कुठे करायचा? अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे कुटुंब न्यायालय आहे. पालकत्वाच्या अर्जासाठी मूल सामान्यतः राहतं ते ठिकाण पाहतात. अकोल्याची सून मुलासह अमरावतीला माहेरी स्थिरावली, मूल तिथल्या शाळेत रुळलं, तर अमरावतीला अर्ज करता येतो. न्यायालय आधी समुपदेशकामार्फत समेटाचा प्रयत्न करतं. मूल जाणतं असेल तर त्याचंही म्हणणं विचारात घेतलं जातं. वकिलाच्या खर्चाची काळजी असलेल्या स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

ताबा म्हणजे काही सातबारा नव्हे. तो एकाला मिळाला म्हणून दुसऱ्याचं आईपण किंवा बापपण संपत नाही. भेटीचे दिवस, दिवाळीची सुटी, उन्हाळ्याची सुटी न्यायालय वाटून देऊ शकतं. परिस्थिती पालटली तर आदेश बदलून मागता येतो. तेव्हा शाळेच्या फाटकातून मूल परस्पर उचलून नेऊ नका. जे मागायचं ते न्यायालयात मागा, आणि तोवर मुलासमोर एकमेकांची उणीदुणी काढू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)