व्यायलेल्या गाईच्या रक्तातील चरबी आणि खनिजे

आटवलेले जनावर विण्यापूर्वी जितके लठ्ठ, तितके पुढे दूध अधिक, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे गाभण गाईला अगर म्हशीला शेवटचे दोन महिने पेंड सढळ हाताने घातली जाते. जनावर तुकतुकीत दिसते. परंतु व्यायल्यावर थोड्याच दिवसांत ते वैरण टाकते व दूध घटते. मग दृष्ट लागली असे म्हणतात. दोष बहुधा आंबोणाचा असतो.

व्यायल्यानंतर दुधासाठी लागणारी शक्ती चाऱ्यातून पुरी पडत नाही. म्हणून अंगावरील चरबी सुटून रक्तात उतरते व यकृताकडे जाते. रवंथ करणाऱ्या जनावराचे यकृत ही चरबी पुन्हा बाहेर धाडण्यात मंद असते. लठ्ठ जनावरात ती तेथेच साठते आणि भूक आणखी मंदावते.

याच सुमारास खनिजांची ओढ लागते. गाईच्या एक लिटर चिकात सुमारे २.३ ग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे दहा लिटर चिकाबरोबर २३ ग्रॅम कॅल्शियम शरीराबाहेर जाते. आणि गाईच्या रक्तद्रवात एका वेळी ते असते जेमतेम ३ ग्रॅम! उरलेले हाडांतून व आतड्यांतून यावे लागते, त्यासाठी मॅग्नेशियमही पुरेसे लागते. भूक गेलेल्या जनावराच्या पोटात मात्र दोन्ही खनिजे कमीच जातात.

वनस्पतींच्या पानाफुलांत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये असतात. हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३६ साली त्यांना ‘पी’ जीवनसत्त्व म्हटले होते. पुढे ते नाव मागे पडले. चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या रक्तातील चरबी या द्रव्यांनी उतरल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. तथापि उंदीर म्हणजे गाय नव्हे. गाईच्या पोटातील सूक्ष्मजंतू यांतील बराच भाग रक्तात पोचण्यापूर्वीच मोडून टाकतात. शिवाय ही द्रव्ये लोहासारख्या खनिजांना बांधून ठेवतात. बाभळीच्या शेंगांतील तुरट द्रव्यांपैकी काही याच कुळातील असून, शेंगा फार झाल्यास चाऱ्यातील प्रथिनेही जखडली जातात. थोड्या शेंगांनी अपाय नाही. परंतु खनिज मिश्रणाऐवजी एखादी पाल्याची भुकटी चारणे म्हणजे पैसा व जनावर दोन्ही धोक्यात घालणे होय.

आटवलेल्या जनावराला कडबा मुख्य व आंबोण बेताचे ठेवावे. लसूणघास उत्तम खरी, पण तिच्यात पोटॅशियम फार असते व ते मॅग्नेशियमच्या शोषणास अडथळा करते. म्हणून विण्यापूर्वीचे तीन आठवडे ती कमी करावी आणि व्यायल्यावर हळूहळू वाढवावी. कडब्यात कॅल्शियम व फॉस्फरस दोन्ही अपुरे असल्याने दुभत्या जनावराच्या आंबोणात रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण घालावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक लक्षण गोठ्यागोठ्यांतून समजावून द्यावे. व्यायल्यावर एक-दोन दिवसांत गाय बसली, उठेना, कान गार पडले व मान कुशीकडे वळवून राहिली, तर तो दुग्धज्वर समजावा. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही. तिसऱ्या व पुढच्या वेतात हा धोका अधिक असतो. अशा जनावराच्या तोंडात औषध अगर तेल ओतू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्याने ते फुफ्फुसात उतरते. जनावर एका कुशीवर आडवे पडू न देता छातीवर बसते ठेवावे, गवताच्या पेंढ्यांचा टेकू द्यावा आणि पशुवैद्यकास तात्काळ बोलवावे. शिरेतून द्यावयाचे कॅल्शियम त्यांच्याच हातून, सावकाश गेले पाहिजे. घाईने दिल्यास हृदय बंद पडते.