बलिद्वीपांतील ताडपत्रें आणि लिलांवाचा बाजार

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या आमच्या कांहीं स्नेह्यांकडे अलीकडे लिलांवगृहांच्या याद्या नियमानें येऊं लागल्या आहेत. त्यांत पूर्वेकडील द्वीपांतल्या वस्तूंचा भरणा पुष्कळ असतो. राक्षसमुखी मुठींच्या कट्यारी, देवळाचीं कोरीव दारें, कमासन गांवच्या चितारलेल्या कापडाचे लांबच लांब पट्टे, चिनी नाणीं दोऱ्यांत ओवून केलेल्या मूर्ति, आणि या सर्वांच्या मधोमध कोठेंतरी 'कोरीव फळ्यांचा प्राच्य ग्रंथ, शोभेचा' अशा नांवानें एक बलिद्वीपी पोथी. कट्यारी व दारें यांविषयीं बोलण्याचा आमचा अधिकार नाहीं. पोथीविषयीं चार शब्द लिहिण्याचें कारण असें कीं, ती शोभेची वस्तु नसून ग्रंथ आहे, आणि तो ग्रंथ वाचण्याचीं बहुतेक साधनें महाराष्ट्रांतील संस्कृतज्ञाच्या हातीं आधींच असतात.

या पोथीस तिकडे 'लोन्तार' म्हणतात. जावी भाषेंत 'रोन' म्हणजे पान आणि 'ताल' म्हणजे आपला ताल. 'रोन्ताल' याचा वर्णविपर्यय होऊन 'लोन्तार' झालें. ताडाचीं पानें शिजवून, वाळवून व दाबून सपाट करतात आणि त्यांस तीन भोकें पाडतात. मधलें भोंक बरोबर मध्यावर नसून किंचित् डावीकडे असतें. पान उलटें ओवलें गेल्यास तें तत्काळ ध्यानांत यावें, हा त्याचा एक उघड उपयोग आहे. अक्षरें लेखणीनें काढीत नाहींत, 'पंगृपक' नांवाच्या पोलादी चाकूनें कोरतात आणि मग मेणबत्तीसारखें जळणाऱ्या केमिरी नांवाच्या फळाची काजळी तेलांत कालवून वर चोळतात. पान पुसलें कीं काजळी फक्त खांचेंत राहते. एका अंगास बहुधा चार ओळी. वरखालीं दोन फळ्या, आणि बांधण्याच्या दोऱ्याच्या टोंकास भोंकाचें एक चिनी नाणें. ओढ्या व द्रविड देशांतील पोथ्या कोरण्याची पद्धत हीच आहे; ज्यांनीं तंजावरास सरस्वती महालांतील ताडपत्रें हाताळलीं आहेत त्यांस लोन्तार हातीं घेतां परकें वाटणार नाहीं.

पहिलें पान लावून पाहिलें तर परकेपणा आणखी कमी होतो. बलिद्वीपी पोथीचा आरंभ 'ॐ अविघ्नम् अस्तु नमः सिद्धम्' या शब्दांनीं होतो. पंतोजींच्या शाळेंत ज्या 'ओनामासीधं' वरून आपल्या पूर्वजांचा श्रीगणेशा होई, तोच हा ओनामा. शेवटीं 'इति... समाप्त' असते. आंत महाभारताचीं जुन्या जावी गद्यांतील पर्वें असतील, काकविन् म्हणजे वृत्तबद्ध काव्य असेल, 'उसद' असेल (हा शब्द 'औषध' याचेंच रूप होय), किंवा पेदंड म्हणजे ब्राह्मण पुरोहित यांच्या नित्याच्या संस्कृत स्तुति असतील. जुन्या जावी विराटपर्वांत त्याच्या कथनाचा काळ इ. स. ९९६ असा दिलेला आहे. आपल्याकडील महाभारताच्या बहुतेक उपलब्ध हस्तलिखितांहून ही साक्ष शतकानुशतकें जुनी आहे, आणि म्हणूनच पुण्यास भांडारकर संस्थेच्या आदिपर्वाचें संशोधन करतांना डॉ. सुखटणकरांनीं जावी आदिपर्वांतील संस्कृत अवतरणांचा विचार केला. तें पर्व १९३३ त पुरें झालें. त्याच वर्षीं बडोद्यास गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत सिल्व्हँ लेव्ही यांनीं बलिद्वीपांतील संस्कृत ग्रंथांचा संग्रह प्रसिद्ध केला. तेव्हां या विषयाशीं आपला संबंध नवा नाहीं; तो मध्यंतरीं विसरला गेला एवढेंच.

या स्तुतींतील संस्कृत पाणिनीच्या कसोटीस उतरत नाहीं. ऱ्हस्वदीर्घ सैल, श-ष-स यांची सरमिसळ, विभक्ति कोठें आहे कोठें नाहीं. एका यादीकारानें यास 'अशुद्ध' असा शेरा मारलेला आम्ही वाचला आहे. समुद्रापलीकडे हजार वर्षें तोंडीं राहिलेल्या भाषेस ती परत शिकविण्याचा आव आणूं नये, असें आम्हांस, आयुष्यभर मुलांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारूनही, वाटतें.

आतां बाजाराकडे वळूं. पहिली गोष्ट वयाची. त्या दमट हवेंत ताडपत्र फार टिकत नाहीं. किडा आणि बुरशी त्यास खातात, म्हणून पोथी पुनःपुन्हा उतरून ठेवण्याचा तिकडे प्रघात आहे. उपलब्ध पोथ्यांपैकीं फार मोठा भाग एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतला आहे. ग्रंथ जुना, पोथी अर्वाचीन, असा हा प्रकार. त्यामुळें यादींत 'सोळावें शतक' असें दिसल्यास आनंद होण्यापूर्वीं शंका यावी. शिवाय तेंगानान वगैरे गांवीं प्रवाशांकरितां नवीं ताडपत्रें अजून कोरलीं जातात. त्यांवर रामायणांतील चित्रें असतात आणि त्यांतील कारागिरी पुष्कळदां उत्तम असते. तीं नवीं म्हणून विकलीं तर त्यांत कांहींच गैर नाहीं. धुरावर धरून तपकिरी केलेलीं मात्र ओळखतां आलीं पाहिजेत. खऱ्या जुन्या पोथींत भोंकांच्या कडा दोऱ्यानें घांसून गुळगुळीत झालेल्या असतात आणि किड्याचें छिद्र एका पानांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असें सलग जातें. धुरानें रंग येतो. किडा येत नाहीं.

दुसरी गोष्ट कालनिर्देशाची. येथें आम्हांस स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं एका मोठ्या शहरांतील लिलांवांत आम्हीं एक पोथी घेतली. यादींत 'स्तोत्रसंग्रह, बलि, अठरावें शतक. शनैश्चर, क्लिवन्, वतुगुनुङ् या दिवशीं लिहून पुरी' असें छापलें होतें. एवढा नेमका कालनिर्देश पाहून आम्ही भारावलों, अखेरच्या पानाचें छायाचित्र मागण्याचें सुचलें नाहीं, आणि समोरचे गृहस्थ सवाल वाढवीत गेले तसे आम्हीही वाढवीत गेलों. हातोडा पडला तो तेवीस हजारांवर. वर गृहाचें अधिमूल्य निराळें. (खरेदीदाराकडूनही हें अधिमूल्य घेण्याची चाल लंडनच्या दोन मोठ्या गृहांनीं १९७५ त शेंकडा १० या दरानें सुरू केली, ती आतां सर्वत्र झाली असून दरही त्या वेळेपेक्षां पुष्कळ चढले आहेत. सवाल करण्यापूर्वीं हा आंकडा मिळवून बेरीज करावी.)

घरीं आल्यावर शेवटचें पान पाहिलें. उजवा कोपरा तुटलेला. एका ओळीच्या शेवटीं 'व' एवढेंच अक्षर, तिच्या खालच्या ओळीच्या शेवटीं 'इ शक १८', आणि पुढचे दोन आंकडे कोपऱ्याबरोबर गेलेले. यादीकारानें या '१८' वरून अठरावें शतक केलें होतें! बलिद्वीपांत चालतो तो शालिवाहनाचाच शक. आपल्याप्रमाणेंच त्यांतही ७८ मिळवावे लागतात, आणि त्यांचा वर्षारंभ आपल्या पाडव्याच्या आगेंमागें येतो. २०२५ त त्यांचा न्येपि २९ मार्चला व आपला पाडवा ३० मार्चला होता, शक दोघांचाही १९४७. म्हणजे शक १८०० ते १८९९ हा काळ इ. स. १८७८ ते १९७८ होतो. शाळेंतील मुलानें ही चूक केली असती तर आम्हीं त्यास बांकावर उभें केलें असतें.

राहिला 'व'. बलिद्वीपी कालगणनेंत आपल्या सात वारांशिवाय (रेदिते, सोम, अंगार, बुद, व्रस्पति, सुक्र, सनिस्चर) पांच दिवसांचा एक आठवडा चालतो: उमनिस्, पाइङ्, पोन्, वगे, क्लिवन्. शिवाय सात दिवसांचे तीस 'वुकु' मिळून २१० दिवसांचें एक चक्र होतें. २१० ला पांचांनीं भाग जातो, म्हणून वुकु आणि वार ठरला कीं पांचांतला दिवस आपोआप ठरतो. वतुगुनुङ् हा शेवटचा, तिसावा वुकु. त्याचा शनिवार नेहमीं उमनिस्, कधींही क्लिवन् नव्हे. इतकेंच नव्हे, तर तो शनिवार म्हणजे सरस्वतीचा दिवस. त्या दिवशीं पोथ्यांची पूजा करतात, वाचन-लेखन करीत नाहींत. त्याच दिवशीं पोथी लिहून पुरी केली असें मानणें म्हणजे दसऱ्याच्या पूजेंतून पाटी ओढून काढण्यासारखें आहे. शनिवार व क्लिवन् यांचा योग दर पस्तीस दिवसांनीं येतो. त्या सहा वुकूंपैकीं 'व' नें आरंभ होणारे दोनच, सातवा वरिग आणि सत्ताविसावा वयङ्. यांपैकीं एक निश्चित, कोणता हें वर्ष कळल्यावांचून सांगतां येत नाहीं. यादीकारानें तुटलेलें अक्षर मनानें पुरें केलें होतें, हें मात्र सिद्ध झालें.

आम्हीं गृहास सविस्तर पत्र लिहिलें. उत्तर सभ्य आलें: यादींतील विधानें हीं मतें असतात, हमी नव्हे, असें विक्रीच्या शर्तींत छापलें आहे. तें तसें छापलें होतें हें खरें. या निमित्तानें वाचकांस एक गोष्ट सांगतों. शेवटच्या पानावर तिथि असली तरी ती कोणाची, हाही प्रश्न उरतोच. मूळ प्रतींतील तिथि नकल करणारा जशीच्या तशी उतरून ठेवतो, आपल्याकडेही हें घडतें. म्हणून तिथीवरून पोथी त्याहून जुनी नाहीं एवढेंच ठरतें.

खरें दुःख पैशाचें नव्हतें. पोथीचे पत्रांक पानाच्या मागील अंगास डाव्या समासांत असतात. मोजून पाहतां आमच्या पोथींत १ ते १६ व २३ ते ४३ अशीं सदतीस पानें निघालीं. मधलीं सहा नव्हतीं. सोळाव्या पानावर एक स्तुति अर्ध्या श्लोकांत तुटते. दोन वर्षांनीं त्याच गृहाच्या यादींत 'सहा ताडपत्रें, कांचेच्या चौकटींत, भिंतीवर लावण्यास योग्य' असा लॉट आला. या वेळीं छायाचित्रें मागविलीं. हात तोच, मधल्या भोंकाचें डाव्या टोंकापासून अंतर तेंच, आणि आमच्या सोळाव्या व तेविसाव्या पानांत मधल्या भोंकापाशीं असलेलें किड्याचें छिद्र त्या सहांतही त्याच जागीं. तीं पानें एका दिवाणखान्याची सजावट करणाऱ्या व्यापाऱ्यानें आमच्या ऐपतीच्या चौपट किंमतीस नेलीं. सुटीं पानें मिळून अखंड पोथीपेक्षां अधिक पैसा देतात, हें एकदां कळलें कीं पोथी फोडण्यास कात्रीही लागत नाहीं. दोरा सोडला कीं झालें. राजवाड्यांनीं वाण्याच्या दुकानांतून व माळ्यांवरून कागद सोडवून आणले ते आपण अभिमानानें सांगतों. पुड्या बांधणाऱ्या वाण्यास निदान कागदाची किंमत ठाऊक नव्हती.

तिसरी गोष्ट मूळ मालकाची. 'डच अधिकाऱ्याच्या घराण्याकडून' हे शब्द याद्यांत मोठ्या भूषणाचे म्हणून छापतात. वाचकानें त्या ठिकाणीं साल विचारावें. १८९४ त डच फौजेनें लोंबोक बेटांतील बलिवंशीय राजाचा चक्रनगर येथील वाडा घेतला व लुटला. त्या गर्दींत डॉ. ब्रांडेस यांनीं राजाच्या संग्रहांतील पोथ्या वांचविल्या. त्यांत प्रपंच कवीनें शक १२८७, म्हणजे इ. स. १३६५ त रचलेलें 'नागरकृतागम' होतें, आणि मजपहित राज्याचा इतिहास आज आपणांस जो कळतो त्याचा मोठा आधार तोच ग्रंथ आहे. पुढें २० सप्टेंबर १९०६ रोजीं बादुङ् व २८ एप्रिल १९०८ रोजीं क्लुङ्कुङ् येथील राजे परिवारासह गोळ्यांसमोर चालत गेले; यास तिकडे 'पुपुतान्' म्हणतात, आणि आपणांस जोहाराची आठवण होते. या प्रसंगांनंतर ज्या वस्तु युरोपांत गेल्या त्यांतील कांहीं अजून लिलांवांत फिरत असतात. लोंबोकच्या खजिन्याचा कांहीं भाग १९७७ त इंडोनेशियास परत झाला, आणि जुलै २०२३ त नेदर्लंड्सनें उरलेल्यापैकीं ३३५ वस्तु परत करण्याचें जाहीर केलें. शासनें परत करूं लागलीं असतां खासगी संग्राहकानें डोळे झांकून घेणें शोभत नाहीं. सगळ्याच पोथ्या लुटीच्या नसतात, हेंही सांगितलें पाहिजे. फान डेर टूक या कोशकारानें बलिद्वीपांत राहून नकला करून घेतल्या. त्याच्या व लीफ्रिंक याच्या नांवें सिंगराज येथें १९२८ त स्थापन झालेलें कीर्त्य ग्रंथालय पोथ्या उसन्या आणून त्यांच्या नकला करी व मूळ पोथी घरीं परत पाठवी. संग्रहाची ही रीत आम्हांस सर्वांत निर्मळ वाटते.

कायद्याविषयीं थोडें. इंडोनेशियाच्या २०१० च्या कायद्यानें पन्नास वर्षांहून जुन्या व संरक्षित ठरणाऱ्या वस्तु परवानगीवांचून देशाबाहेर नेतां येत नाहींत. आपल्याकडील १९७२ च्या कायद्यांत इतर वस्तूंस शंभर वर्षांची, पण हस्तलिखितांस पंचाहत्तर वर्षांचीच मर्यादा आहे. ती ओलांडलेली महत्त्वाची पोथी पुरावस्तु ठरते व खासगी माणसास ती परदेशीं पाठवितां येत नाहीं. तेव्हां जुनी पावती, पाकीट, सीमाशुल्काचा कागद, कांहींही फेंकूं नये.

आमच्या सदतीस पानांचीं दोन्ही अंगांचीं छायाचित्रें घेऊन ठेविलीं आहेत. कोणासही पाहतां येतील. सहा पानांचें वर्णन येथें देतों. लांबी ३८ सेंटिमीटर, रुंदी साडेतीन, प्रत्येक अंगास चार ओळी, मागील अंगास डावीकडे १७ पासून २२ पर्यंत बलिद्वीपी आंकडे, मधल्या भोंकाच्या उजवीकडे एका बोटावर किड्याचें छिद्र. वाचकांपैकीं कोणाच्या पाहण्यांत, एखाद्या कचेरीच्या अगर घराच्या भिंतीवर, अशी चौकट आल्यास तिचें छायाचित्र मात्र मंडळाच्या पत्त्यावर पाठवावें. पानें परत मागण्याचा आमचा इरादा नाहीं. तुटलेला श्लोक पुढें कसा आहे तेवढें वाचावयाचें आहे.