चार घमेली माती

मे महिना होता, पारा ४५ अंशांना टेकलेला. वर्ध्याहून हिंगणघाटकडे जाताना रस्त्यालगतच्या एका वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर बोलेरो पिकअप चढवलेली दिसली. तिच्या पोटाखालून काळा चिखल गळत होता. महिनोन्महिने पावसाचा थेंब नाही, मग हा चिखल कुठला? मी थांबले.

रॅम्पखाली एक माणूस प्रेशर गन घेऊन उभा होता. डोक्याला दुपट्टा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "मांगच्या पावसाळ्याची माती हाये ताई," तो म्हणाला. "गाडी पांदणीनं चालते, तवाची बसली. एका गाडीखालून चार घमेली निंगते. वरतून गाडी रोज पुसतात, खालून कोणी पाहत नाही."

चार घमेली. तीन तर त्यानं भरून भिंतीशी ठेवलीच होती.

वर्धा जिल्ह्यात समुद्र नाही, खारा वारा नाही, तरी इथल्या पिकअपचे चेसिस गंजतात याचं कारण त्या घमेल्यांत होतं. आपली काळी कपाशीची जमीन मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीनं भरलेली आहे. पाणी मिळालं की ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि सहजी सोडत नाही. शेतात हा गुण मोलाचा, त्याच्या जोरावर पावसाचा खंड कपाशी सोसते. पण हीच माती चेसिसच्या पोकळ चॅनलमध्ये, पाट्यांच्या फटीत, बॉडीच्या आडव्या पट्ट्यांवर जाऊन बसली की वरून कोरडी दिसते आणि आतून लोखंड ओलं ठेवते. गंजाला पाणी आणि हवा एवढंच लागतं.

त्यात खताची भर. पेरणीच्या दिवसांत याच गाड्यांमधून पोती जातात आणि एखादं तरी फुटतं. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. समुद्राच्या मिठातला जो क्लोराइड लोखंड खातो, तोच यातही असतो. कोकणातली गाडी खाऱ्या हवेनं गंजते. आपल्याकडे ते मीठ पोत्यातून येतं आणि हौद्याच्या फटींतून थेट चेसिसवर सांडतं.

कोपऱ्यात जळक्या ऑईलचा ड्रम होता. इंजिनातून काढलेलं काळं ऑईल गाडीखाली फवारायचं, ही इकडची जुनी रीत, स्वस्त म्हणून अजून चालणारी. तिथं असेपर्यंत तो जळकट, नाकाला चिकटणारा वास सुटला नाही. घरी आल्यावर ओढणीलाही येत होता. मला ही रीत मुळीच पटत नाही. हे ऑईल रबरी बुश फुगवतं, धूळ ओढून घेतं आणि पहिल्या जोरदार पावसात धुऊन नाल्यात जातं. इकडचे नाले वणा आणि धाम या नद्यांना मिळतात. वापरलेलं ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते मातीत सांडणं नियमाविरुद्धच आहे. गन धरणाऱ्यालाही ते ठाऊक असावं. "लोक मांगतात म्हणून ठेवतो," एवढंच तो म्हणाला आणि पाण्याचा झोत पुन्हा चालू केला.

गंजापासून वाचवणारं खरं कोटिंग वेगळं. आधी धुणं, मग सुटा गंज ब्रशनं खरवडणं, वाळवणं, नको तिथं टेप लावणं आणि शेवटी फवारणी. डांबर-रबराचं कोटिंग जाड बसतं, खडीचा मार सोसतं. मात्र काही वर्षांनी त्याला तडा जातो आणि तड्यातून शिरलेलं पाणी आतच कोंडतं. मेणाचं कोटिंग मऊ राहतं, चॅनलच्या भोकांतून आतही सोडता येतं, पण ते वरचेवर द्यावं लागतं. चेसिसची पाणी निघायची भोकं मोकळी राहिलीच पाहिजेत. सायलेन्सर, ब्रेकचे भाग, प्रॉपेलर शाफ्ट आणि सेन्सर यांच्यावर काहीही उडता कामा नये. ओल्या मातीवर कोटिंग मारणं हे न मारण्यापेक्षा वाईट, कारण मग ती ओल आतच राहते. म्हणून सगळा भार धुण्यावर येतो. पैसे मात्र फवारणीचे मोजले जातात, आणि ते माझ्या मनाला लागलं.

पिकअपचा मालक देवळीकडचा शेतकरी, वेळ असेल तेव्हा भाडं मारणारा. त्याला दुसरी गाडी घ्यायची होती आणि डिझेल की सीएनजी, एवढाच प्रश्न तो घोळवत होता. २०२२ मध्ये टाटानं सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी इन्ट्रा व्ही२० आणली, तेव्हापासून हा प्रश्न गावोगाव निघतो. सीएनजीचा खर्च कमी, पण टाक्यांच्या वजनानं माल घटतो. टाकीत गॅस सुमारे २०० बार दाबानं भरलेला असतो, दर ३ वर्षांनी तिची तपासणी करावी लागते, आणि टाकीच्या पट्ट्या, नळ्या, व्हॉल्व्ह अशा जागी असतात जिथं हीच माती साचते. चार घमेली माती टाकीच्या पट्ट्यांभोवती महिनोन्महिने बसू देणं मला भीतीचंच वाटतं.

डिझेलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं, गंधक दहा लाखांत १० भागांवर आलं, आणि सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी बसली. ती काजळी जळायला साधारण ६०० अंशांची उष्णता लागते. गाव ते जिनिंग, जिनिंग ते गाव अशा छोट्या फेऱ्यांत तेवढी उष्णता येत नाही, मग जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यावर मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग, वेगानं पळवायची; गाडीच्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं, विकताना सांगणारे थोडे. तरीही पांदणीतून भरली गाडी कमी फेऱ्यांत ओढायची ताकद डिझेलची, यात वाद नाही.

मालकाला मात्र हे सगळं दुय्यम होतं. त्यानं विचारलं, "पंप किती लांब, ते सांगा ना. गॅस भरायला चाळीस किलोमीटर गेलो तं वाचलं काय?" मला वर्ध्यातलीच मगनवाडी आठवली. तिथं गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप नावाचा दिवा बनवत होते. दिवा जळायला लागणारं तेल गावातच निघावं, हा त्यांचा आग्रह. देवळीच्या माणसाचा हिशोब त्याच जातीचा आहे: इंधन हाताशी हवं. शेतातून गावात माल आणणाऱ्यानं डिझेल घ्यावं. रोज नागपूरची डांबरी वाट धरून भाजी-दूध नेणाऱ्यानं सीएनजीचा विचार करावा, असं मला त्याचं ऐकून वाटलं. त्याचंही मन डिझेलकडेच झुकलं होतं.

कोटिंगसाठी मात्र अडलं. "दोन दिवस उन्हात वाळू द्या, मंग मारतो," गनवाला म्हणाला. पेरणी तोंडावर, खताच्या फेऱ्या ठरलेल्या. गाडीचे दोन दिवस म्हणजे दोन दिवसांचं भाडं गेलं. कोटिंगच्या किमतीत हे दोन दिवस कुणीच धरत नाही. घासाघीस झाली, आवाज चढले. शेवटी मालक म्हणाला, शनिवारी खत उतरवून गाडी आणतो, सोमवारपर्यंत इथंच राहू द्या.

"पोटॅश भरलं असंल तं हौदा धुऊनच आणजा," रॅम्पखालून उत्तर आलं.