पुन्हा येणारा श्रोता

नवरात्रात कांदिवली-बोरिवलीच्या पट्ट्यात एक गोष्ट निरखण्यासारखी असते. एकच नामवंत गायिका, तोच वाद्यवृंद, तेच मैदान आणि बऱ्याच अंशी तीच माणसं, सलग नऊ रात्री. फाल्गुनी पाठक मुंबईतच वाढल्या आणि इथल्या नवरात्रांत गाऊन नावारूपाला आल्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या अल्बमांनी त्यांचं नाव देशभर पोचलं, परदेशांतही त्यांचे कार्यक्रम होऊ लागले. तरी गेल्या काही वर्षांत ऐन नवरात्रात त्या पश्चिम उपनगरांतल्या मैदानांवर गाताना दिसल्या आहेत. नामवंत कलाकार आपल्या गावी अधिक चांगलं गातो-वाजवतो का, या प्रश्नाचं उत्तर आपण एरवी भावनेच्या भरात देतो: मातीची ओढ, आपली माणसं, घरचं कौतुक. मैदानावरचं काम बारकाईने पाहिलं की निराळं उत्तर हाती येतं. घरचा कार्यक्रम अनेकदा खरोखरच सरस होतो, पण त्याचं श्रेय जन्मदाखल्यावरच्या गावाला देता येत नाही. काल ऐकून गेलेला माणूस आज पुन्हा समोर येतो, आणि कलाकाराला हे ठाऊक असतं, यात त्याचं खरं कारण आहे.

आधी आवाजाचंच पाहू. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर अंतर कापतो. मंचापासून सत्तर मीटरवर फेर धरलेल्यांपर्यंत ढोलाची थाप पोचायला सेकंदाचा पाचवा भाग जातो. मैदानाच्या मध्यावर लावलेले स्पीकर मंचाबरोबर त्याच क्षणी वाजले, तर तिथल्या माणसाला एक थाप जवळून आणि तीच थाप मंचाकडून उशिरा अशी दोनदा ऐकू येते. पाऊल कोणत्या थापेवर टाकायचं ते कळत नाही. म्हणून लांबच्या स्पीकरांना मोजून उशीर द्यावा लागतो. दुपारी रिकाम्या मैदानावर साउंड चेक करून लावलेला हिशेब रात्री बिघडतो, कारण हजारो माणसं उभी राहिली की आवाज शोषला जातो आणि समतोल पार बदलतो. एका रात्रीच्या कार्यक्रमात हे सगळं सुधारेपर्यंत निम्मा कार्यक्रम उरकलेला असतो. इथे मात्र पहिल्या रात्रीची चूक दुसऱ्या रात्री दुरुस्त होते. गाण्याचंही तसंच. गरबा मंदगतीने सुरू होतो, एका गाण्यातून दुसरं गाणं न थांबता निघतं, आणि लय कधी चढवायची हे गायिका समोरच्या पावलांवरून ठरवते. पहिल्या रात्री तो अंदाज असतो. चार रात्री गेल्यावर कोणत्या कोपऱ्यात सराईत मंडळी जमतात, लहान मुलं कधी दमतात, कोणत्या गाण्याला अख्खं मैदान एकदम वळतं, हे मंचावरच्यांना माहीत झालेलं असतं. सीझन पास घेऊन नऊही रात्री येणारा हा नाचणारा श्रोता या कार्यक्रमाचा पाया आहे. त्याला कालचीच रात्र पुन्हा ऐकवून चालत नाही.

शास्त्रीय संगीतात हे अधिक स्पष्ट दिसतं, कारण तिथे रागाच्या आणि बंदिशीच्या चौकटीत बरंचसं गाणं त्याच वेळी घडत असतं. घरच्या गावी गाताना गायकाला काही उघड सोयी असतात. स्वतःचे तंबोरे असतात. विमानातून न्यायचे तर भोपळा फुटण्याची धास्ती, म्हणून परगावी बरेचदा मिळेल त्या जोडीवर भागवावं लागतं, आणि अनोळखी तंबोऱ्याची जवारी लावण्यात वेळ जातो. मागे तंबोऱ्यावर स्वतःचे शिष्य असतात, त्यांना बुवांचा षड्ज आणि श्वास दोन्ही ठाऊक असतात. तबलजी वर्षानुवर्षांचा सोबती असतो. कोणत्या जागेनंतर समेवर यायचं त्याची खूण डोळ्यांनीही द्यावी लागत नाही. मुंबईच्या दमट हवेत चामडं सैल पडून तबल्याचा स्वर उतरतो, वातानुकूलित सभागृहात तेच आवळून चढतो. इथला तबलजी हातोडी जवळ ठेवूनच बसतो, बाहेरून आलेल्याला मात्र ते मंचावर बसल्यावर कळतं. पण एवढ्यावर कोणाचं गाणं श्रेष्ठ होत नाही. सोयींमुळे अडथळे दूर होतात, इतकंच. गाणं वर नेतो तो समोर बसलेला श्रोता.

याचा सर्वांत मोठा पुरावा पुण्यात आहे. पंडित भीमसेन जोशी यांचा जन्म १९२२चा, गदगकडचा. पुणे हे त्यांचं जन्मगाव नव्हे. १९४६ साली गुरू सवाई गंधर्वांच्या साठीनिमित्त ते पुण्यात हिराबागेत गायले. १९५२ साली गुरू गेले आणि १९५३पासून त्यांच्या पुण्यतिथीचा संगीत महोत्सव पुण्यात सुरू झाला. पुढे दशकानुदशकं भीमसेनजी त्याचे यजमानही होते आणि सांगतेचे गायकही. हे दुहेरी नातं फार महत्त्वाचं आहे. इतर शहरांत ते विमानातून उतरून मंचावर जात. सततच्या प्रवासामुळे त्यांना ‘हवाई गंधर्व’ म्हणत. पुण्यात मात्र ते आधीच्या सगळ्या कलाकारांचं स्वागत करून, त्यांचं गाणं-वाजवणं ऐकून, मग शेवटी गायला बसत. समोर असायचा तो गेल्या वर्षीचा, त्याआधीच्या वर्षीचा आणि कित्येकदा पंचवीस वर्षांपूर्वीचाही श्रोता. त्याच्या कानात यांचीच मागची तोडी, मागचा ललत मुरलेला. अशा माणसासमोर ठरीव तानांवर वेळ मारून नेता येत नाही. त्याला मागचं आठवतं, म्हणून किंचित वेगळी बढतही त्याच्या लक्षात येते, आणि ती लक्षात येते हे गायकाला त्याच क्षणी कळतं. दाद म्हणजे नुसती वाहवा नव्हे; कोणत्या जागेवर ती आली, यावरून गायकाला पुढची वाट दिसते. ‘सवाई’त दाद चुकीच्या जागी पडत नाही, अशी या महोत्सवाची ख्याती आहे ती याच सातत्यामुळे.

आपल्याकडच्या थोर गायकांची घरं पाहिली तर जन्मगावाचा मुद्दा आपोआप मागे पडतो. मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डीच्या, केसरबाई केरीच्या, पण दोघींची कारकीर्द बहरली मुंबईत. प्रभा अत्रे जन्माने पुण्याच्या. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाच्या संगीत विभागाची धुरा त्यांनी वाहिली आणि भीमसेनजींनंतर अनेक वर्षं ‘सवाई’ची सांगता त्यांच्या गाण्याने झाली. कुमार गंधर्वांचं उदाहरण मात्र माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाईल असं वाटतं. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्म, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण, आणि १९४८पासून देवास. क्षयरोगाने काही वर्षं गाणं बंद. देवास लहानसं गाव. त्यांच्या गाजलेल्या मैफलींपैकी बऱ्याच मुंबई-पुण्यात आणि इतर मोठ्या शहरांत झाल्या. मग घरचं गाव कामी कुठे आलं? ते आलं चिंतनाला. माळव्यातली लोकगीतं तिथे कानावर पडली, त्यांतून नवी रागरूपं उमलली. पण ते मांडायला जो परतपरत येणारा चिकित्सक श्रोता लागतो, तो त्यांना मुंबई-पुण्यात होता. गीतवर्षासारखे आखीव, एका कल्पनेभोवती बांधलेले कार्यक्रम अनोळखी श्रोत्यांपुढे उभे राहणं कठीण. राहतं घर एका गावात आणि मैफलीचं घर दुसऱ्या गावात, अशी विभागणी झाली म्हणून मूळ मुद्दा खोटा ठरत नाही.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा: गाणं सरस झालं, की ऐकणाऱ्यांनी ते सरस मानलं? खेळांत यजमान संघाला मिळणाऱ्या फायद्याचा अभ्यास झाला आहे, आणि त्यातला काही वाटा पंचांवर गर्दीच्या आरड्याओरड्याचा पडणाऱ्या दबावाचा असतो असं दिसलं आहे. २०२०मध्ये महासाथीच्या काळात जर्मनीतले फुटबॉल सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तेव्हा यजमानांचं पारडं हलकं झालं. मैफलीत तर गर्दी आणि पंच एकच. पुणेकर भीमसेनजींच्या गाण्याला डावं म्हणेल कसा? आक्षेप रास्त आहे, आणि गावच्या सत्कारसमारंभात होणाऱ्या गाण्याला तो पूर्ण लागू पडतो. तिथे टाळ्या आधीच ठरलेल्या असतात. पण खेळात पंचाचा कल खेळाडूच्या कौशल्यात भर घालत नाही. उपजेच्या गायकीत मात्र ऐकणाऱ्याचा कल गाण्याच्या आत शिरतो. बारीक जागेला दाद मिळाली की गायक त्या जागेभोवती आणखी दोन आवर्तनं रेंगाळतो. नुसत्या द्रुत तानांना टाळ्या मिळाल्या की तासाभराचा विलंबित वीस मिनिटांत आटोपतो. श्रोत्याचा निवाडा आणि गाण्याची प्रत इथे वेगळी काढता येत नाही. ध्वनिमुद्रणातही हा फरक टिकून राहतो: दाद कोणाला मिळाली हे बाजूला ठेवलं, तरी राग किती वेळ आणि किती खोल मांडला गेला ते ऐकू येतं.

दुसरा आक्षेप मला अधिक त्रास देतो. घरचा श्रोता मायेने बांधूनही ठेवतो. फर्माईश हे त्याचं हत्यार. नवं काही मांडायला बसलेल्या गायकाला चिठ्ठ्या येतात त्या जुन्याच अभंगाच्या, आणि आपल्या माणसांना नाही म्हणणं सर्वांत अवघड. गरब्याच्या मैदानावर तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गाणी वाजल्याशिवाय सुटका नसते. परगावी गायक या ओझ्यातून मोकळा असतो हे मान्य करायलाच हवं. मात्र एक फरक पाहावा. फर्माईश सर्वांत जोरात येते ती वर्षा-दोन वर्षांनी एकदाच ऐकायला आलेल्याकडून, कारण ही संधी गेली तर पुन्हा कधी, याची त्याला धास्ती असते. उद्याही येणाऱ्याला घाई नसते. नऊ रात्रींच्या मैदानावर आवडतं गाणं आज नाही तर परवा होईल, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तिथे गायिकेला क्रम बदलायला, एखादी रात्र निराळी रंगवायला मोकळीक मिळते. सातत्यामुळे मागणीही सैल होते.

आणि मग कोलोन. २४ जानेवारी १९७५च्या रात्री अमेरिकेचा पियानोवादक कीथ जॅरेट जर्मनीतल्या कोलोनच्या ऑपेरागृहात वाजवायला बसला. लांबचा प्रवास, पाठदुखी, आणि समोर ठरवलेल्या पियानोऐवजी आणलेला लहान, खराब पियानो: वरचे स्वर कर्कश, खालचे पोकळ. परक्या देशात, सगळ्या गैरसोयींत, त्याने उत्स्फूर्त वाजवलेलं ध्वनिमुद्रण एकल पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रणांत गणलं जातं. गैरसोयीतूनही प्रतिभा वाट काढते, हे यातून निर्विवाद दिसतं. पण परगावी सरस वाजतं हे दिसत नाही. खराब पियानोवर कोसळलेल्या असंख्य मैफली कोणी जपून ठेवल्या नाहीत. ही जमली आणि मुद्रित झाली, म्हणून आपल्यापर्यंत पोचली. शिवाय जॅरेट एकटा होता. ठेका धरणारा, सूर भरणारा, चीज उचलून घेणारा साथीदार त्याला लागत नव्हता. ख्यालगायक तसा कधीच एकटा नसतो.

घर फार मोठं झालं की काय होतं, तेही सांगायला हवं. १० सप्टेंबर २०२३ रोजी ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम त्यांच्याच चेन्नईत होता. गर्दी इतकी झाली की तिकीट काढलेल्या अनेकांना आतही जाता आलं नाही, आत गेलेल्या कित्येकांपर्यंत आवाज नीट पोचला नाही, आणि पैसे परत करण्याची वेळ आली. ओढ होती म्हणूनच गर्दी झाली. अशा एका रात्रीच्या महाकार्यक्रमात पुन्हा येणाऱ्या श्रोत्याला जागाच नसते. सगळं शहर एकाच वेळी दारात उभं राहतं.

कांदिवलीपुरतं बोलायचं तर इथली अडचण नेमकी या सातत्याचीच आहे. एके काळी मुंबईतलं शास्त्रीय गाणं गिरगाव-दादरच्या चालत जाण्याजोग्या अंतरात राहत होतं. ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवातला श्रोता गाणं संपल्यावर पायी घरी जाई. त्याच कुटुंबांची पुढची पिढी चारकोप, महावीर नगर, ठाकूर व्हिलेज, बोरिवली, डोंबिवलीला आली. गायक मुंबईचाच, श्रोताही मुंबईचाच, पण दोघांच्या मध्ये लोकलचा तासभराचा प्रवास आला. प्रभादेवीच्या रवींद्र नाट्यमंदिरात साडेनऊ वाजले की कांदिवलीकर घड्याळ पाहू लागतो, आणि मंचावरून ते दिसतं. त्यात रात्री दहानंतर खुल्या जागेतल्या ध्वनिक्षेपकावर २०००च्या नियमांनी बंदी आली. काही ठरावीक सणासुदीचे दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, त्यावर गरब्याचं भागतं. रात्रभराच्या मैफलीचं भागत नाही. ‘सवाई’नेही आपली सत्रं दुपारकडे सरकवली आणि त्यामुळे मुलतानी, मधुवंती, पटदीप यांना चांगली जागा मिळाली. उपनगरांत हे सहज करता येईल. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह किंवा पार्ल्याचं दीनानाथ इथून जवळ आहे. एकाच गायकाला किंवा गायिकेला दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच तबलजीसह, रविवारी दुपारी चारला बोलवावं, सत्कार आणि भाषणं गाळावीत, आणि तिकीट एका मैफलीचं न विकता नवरात्रासारखं पाच वर्षांच्या सीझन पासचं विकावं. पहिल्या वर्षी सभागृह अर्धं भरेल. तिसऱ्या वर्षी त्या अर्ध्या सभागृहाला गेल्या वर्षीचा पटदीप आठवत असेल, आणि तो यंदा कसा निराळा निघतो हे ऐकायला ते वेळेआधी येऊन बसलेलं असेल.